तिकीट स्वस्त पडलं, पण प्रवास? वेळ आणि पैसा यांचा मनातला हिशोब

आडवाट

नमस्कार मंडळी.

प्रवासाचं तिकीट काढायला बसलं की समोर जी यादी येते, ती बहुतेक वेळा स्वस्त ते महाग अशी लावलेली असते. भाडं ठळक अक्षरांत. एकूण वेळ त्याखाली बारीक अक्षरांत. मधे कुठे किती थांबायचं ते बघायला आणखी एक टिचकी मारावी लागते. आणि घरातून निघून तिथल्या दारात पोचेपर्यंत किती वेळ जाणार, हे तर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणजे तुलना सुरू व्हायच्या आधीच एक आकडा डोळ्यांत भरलेला असतो आणि दुसरा आपला आपण शोधायचा असतो. प्रवास ठरवताना होणारी निम्मी गडबड मला इथेच दिसते.

उरलेली निम्मी आपल्या डोक्यात होते. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ सालचा एक प्रश्न प्रसिद्ध आहे. तुम्ही १२५ डॉलरचं जाकीट आणि १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घ्यायला गेला आहात. विक्रेता सांगतो की गाडीने वीस मिनिटांवर आमची दुसरी शाखा आहे, तिथे हाच कॅल्क्युलेटर १० डॉलरला मिळेल. जाल का? ६८ टक्के लोक ‘जाऊ’ म्हणाले. दुसऱ्या गटासाठी किमतींची अदलाबदल केली. जाकीट १५ डॉलरचं, कॅल्क्युलेटर १२५ चा आणि दुसऱ्या शाखेत १२० ला. आता जाणारे राहिले २९ टक्के. दोन्हीकडे वाचणार पाचच डॉलर, जाणार वीसच मिनिटं. वीस मिनिटांची किंमत कॅल्क्युलेटरवरच्या किमतीच्या चिठ्ठीने ठरवली.

प्रवासात हे पावलोपावली दिसतं. स्टेशनपर्यंतच्या रिक्षाचे पैसे वाचवायला सामान ओढत चालत जाणारा माणूस, लांबच्या विमानाच्या तिकिटात तेवढीच रक्कम खिडकीच्या जागेसाठी सहज देऊन टाकतो. मोठ्या आकड्याच्या शेजारी छोटा आकडा दिसेनासा होतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. पैसे तिकीट काढताना जातात, वेळ प्रवासाच्या दिवशी जातो. पैसे जाताना कळतं, खात्यातून वजा झाल्याचा संदेश येतो. वेळ तीन महिन्यांनी जाणार असतो, आणि तीन महिन्यांनंतर आपल्याकडे भरपूर वेळ असणार असं प्रत्येकाला वाटतं. गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच यांनी २००५ मध्ये नेमकं हेच दाखवलं. भविष्यात आपल्याला आजच्यापेक्षा जास्त मोकळीक असेल ही समजूत लोकांची पैशाच्या बाबतीत असते त्याहून वेळेच्या बाबतीत कितीतरी जास्त असते. म्हणून पहाटे चारचं विमान आज बघताना अजिबात त्रासाचं वाटत नाही.

तुम्ही प्रवास ठरवताना तासाची किंमत धरता का? धरत असाल तर कशी? सविस्तर लिहा.

---

रुळांवरून

चांगला धागा. मी एकच नियम पाळतो. तिकिटावरचा वेळ बघायचा नाही, दारापासून दारापर्यंतचा वेळ कागदावर मांडायचा.

उदाहरण घेऊ. विमान दोन तासांचं, रात्रीची गाडी बारा तासांची. ऐकताना दहा तासांचा फरक वाटतो. आता मांडा. विमानतळापर्यंत दीड तास, दोन तास आधी पोचायचं, दोन तास उड्डाण, उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास, तिथून शहरात एक तास. झाले सात तास, सगळे जागेपणीचे आणि बहुतेक दिवसाउजेडीचे. गाडी म्हणजे स्टेशनपर्यंत अर्धा तास, गाडीत बारा तास, उतरून अर्धा तास. तेरा तास, पण त्यातली सात तास झोप. जागेपणीचे उरले सहा. म्हणजे जागेपणीचा वेळ बघितला तर गाडी तासाभराने कमीच भरते, आणि एका रात्रीचा मुक्काम वाचतो तो वेगळाच.

अट एकच, गाडीत झोप लागली पाहिजे. ज्याला लागत नाही त्याच्यासाठी हिशोब पूर्ण उलटा, कारण त्याचा पोचल्यानंतरचा दिवसही गेला.

---

मीरा_क

आडवाट, तुमच्या ठळक वाक्यात एक भर घालते. वेळ नंतर जातो हे खरंच, पण बऱ्याचदा तो दुसऱ्याचा जातो.

घरात तिकिटं काढणारी व्यक्ती एक असते. पैसे वाचवल्याचं समाधान तिला त्याच संध्याकाळी मिळतं. वेळ मात्र सगळे मोजतात. आमच्याकडे वडिलांना घेऊन जायचं होतं आणि दोन विमानांमधे लांबलचक थांबा असलेलं तिकीट काढलं गेलं. काढताना सगळ्यांनी ‘बसू की आरामात’ म्हटलं. प्रत्यक्षात विमानतळावरच्या खुर्च्यांना मधे लोखंडी हात. आडवं होता येत नाही. बाबांचे पाय सुजायला लागले, म्हणून एक बॅग आडवी ठेवून त्यावर पाय टेकवले. ती बॅग हलू नये म्हणून भाऊ शेजारी जमिनीवर बसला. स्वच्छतागृह लांब, त्यामुळे दर वेळी दोघांनी उठायचं, एकाने सामान सांभाळायचं. वाचलेले पैसे चौघांत भागले तर काय येतं, आणि बाबांच्या त्या तासांना तोच दर लावायचा का?

तेव्हापासून आम्ही तिकीट पक्कं करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला वेळापत्रक वाचून दाखवतो. किंमत सांगत नाही, आधी वेळ सांगतो. ‘रात्री अकराला निघायचं, दोनला उतरायचं, सातपर्यंत बसायचं.’ असं ऐकल्यावर माणसं खरं बोलतात. आधी किंमत सांगितली की सगळेच ‘चालेल’ म्हणतात.

---

रुळांवरून

मीराताई, ‘आधी वेळ, मग किंमत’ हे फार आवडलं. यादी स्वस्त ते महाग न लावता निघण्याच्या वेळेनुसार लावून बघितली की बऱ्यापैकी असंच होतं. नको असलेल्या वेळा आधी गळतात आणि उरलेल्यांत किंमत बघायची.

---

प्रमेय

आवडीचा विषय आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते.

‘वेळ म्हणजे पैसा’ असं आपण म्हणत असलो तरी मन दोघांना एकसारखं वागवत नाही. पैसे गमावायची वेळ आली की माणूस जुगार खेळायला तयार होतो. ठरावीक नुकसान सोसण्यापेक्षा ‘कदाचित वाचतील, कदाचित जास्त जातील’ हे त्याला बरं वाटतं. कानेमन-ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात हे आहे. १९९५ मध्ये फ्रान्स लक्लेर, बर्न्ड श्मिट आणि लॉरेट ड्यूबे यांनी हीच गोष्ट वेळेच्या बाबतीत तपासली तर कल उलटा निघाला. थांबण्याच्या बाबतीत लोकांना खात्री हवी असते. कधी अर्धा तास, कधी दीड तास यापेक्षा पक्का एक तास परवडला. याचं कारण सोपं आहे. गेलेले पैसे पुढच्या महिन्यात भरून काढता येतात. वाया गेलेला तास दुसऱ्या दिवशीच्या तासात मिसळता येत नाही, आणि अचानक मोकळा मिळालेला अर्धा तासही फारसा कामी येत नाही, कारण त्याचं काही ठरवलेलं नसतं.

म्हणून सरासरी वेळ बघून प्रवास ठरवणं फसवं असतं. ‘साधारण तीन तास लागतात’ असा रस्ता कधी अडीच, कधी पाच तास घेत असेल, तर महत्त्वाच्या कामाला जाणारा माणूस पाचच तास धरून निघतो. म्हणजे त्याच्यासाठी तो पाच तासांचाच प्रवास झाला. चार तास घेणारी पण वेळेवर पोचणारी गाडी त्याला जलद पडते.

आता बुडालेल्या, म्हणजे खर्च होऊन गेलेल्या आणि परत न मिळणाऱ्या पैशांकडे वळू. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांचा १९८५ चा प्रयोग थेट सहलीचाच आहे. समजा तुम्ही मिशिगनमधल्या स्कीइंगच्या सहलीचं १०० डॉलरचं तिकीट काढलं. नंतर विस्कॉन्सिनच्या सहलीचं ५० डॉलरचं काढलं, आणि तुम्हाला वाटतंय की विस्कॉन्सिनमधेच जास्त मजा येईल. मग लक्षात येतं की दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत, पैसे परत मिळणार नाहीत. कुठे जाल? ६१ पैकी ३३ जणांनी महागडं मिशिगन निवडलं. पैसे तर दोन्हीकडे गेलेलेच होते. उरला होता फक्त तो शनिवार-रविवार, आणि कमी आनंदाच्या जागी तो घालवायला निम्म्याहून जास्त लोक तयार झाले.

वेळेच्या बाबतीत दिलीप सोमण यांनी २००१ मध्ये हेच बघितलं. आधी खर्च केलेल्या वेळेचं ओझं लोकांना तसं वाटत नाही असं दिसलं. पण त्याच वेळेचं पैशात रूपांतर करून दाखवलं की ते ओझं पुन्हा जाणवू लागतं. म्हणजे वेळेचं वहीखातं मन सांभाळतच नाही. आडवाट यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच की बहुतेक लोक तासाची किंमत धरत नाहीत, कारण मनात त्याची नोंदच होत नाही.

---

आडवाट

प्रमेय, मनापासून आभार. नोंद होत नाही, म्हणूनच नंतर तक्रारही होत नाही बहुधा. जास्त पैसे देऊन सहल फसली तर माणूस वर्षानुवर्षं ते सांगतो. जास्त वेळ देऊन फसली तर ‘तेवढंच फिरणं झालं’ म्हणून सोडून देतो.

---

प्रमेय

बरोबर. एरिका ओकाडा आणि स्टीफन हॉक यांनी २००४ मध्ये हेच दाखवलं. वेळेची किंमत पक्की नसते, त्यामुळे वाईट अनुभवानंतर ‘नाहीतरी तो वेळ मोकळाच होता’ अशी मनाची समजूत घालता येते. पैशाच्या आकड्याला असं वाकवता येत नाही.

---

हिशोबी

चर्चा छान चालली आहे, पण एक बाजू सुटते आहे, ती आग्रहाने मांडतो.

तासाला दर लावा हे सांगणं सोपं आहे. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये मांडलं की कुठल्याही गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिची पैशातली किंमत अधिक तिला लागणाऱ्या वेळेची किंमत, आणि वेळेची किंमत म्हणजे त्या वेळात माणूस जे कमवू शकला असता ते. वहीत हे बिनतोड आहे. पण महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्याचे प्रवासातले चार तास वाचले, तर ते चार तास तो कुणाला विकणार? पगार तेवढाच राहणार आहे. दुसरीकडे रोजंदारीवरच्या माणसाचा उशीर म्हणजे सरळ खाडा. त्याच्या तासाची किंमत कुणी विचारत नाही, पण ती सगळ्यांत रोखठोक असते.

अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या मार्गदर्शक सूचना बघा. रस्ता किंवा रेल्वे बांधल्याने लोकांचा किती वेळ वाचेल याला पैशात मांडताना कामासाठीच्या प्रवासाचा तास पूर्ण मोबदल्याने धरतात. खाजगी प्रवासाचा तास शहरातल्या शहरात असेल तर कौटुंबिक उत्पन्नाच्या ताशी दराच्या ५० टक्के आणि दोन शहरांमधला असेल तर ७० टक्के. म्हणजे सरकारी हिशोबातसुद्धा आपला स्वतःचा तास पूर्ण पगाराचा नसतो.

आणि ज्याच्या हातात पैसेच नाहीत, त्याने दोन दिवसांचा प्रवास निवडला तर त्याला मानसशास्त्र समजावू नये. त्याने तोललं आहे आणि नीट तोललं आहे. आई आजारी असलेला मुलगा उभ्याने प्रवास करून जातो तेव्हा त्याला तासाची किंमत कळत नाही असं म्हणायची माझी तयारी नाही. ‘वेळ की पैसा’ हा प्रश्न ज्यांच्याकडे दोन्ही थोडंफार आहे त्यांचाच आहे, एवढं धाग्यात नोंदवून ठेवावं.

---

आडवाट

हिशोबी, पूर्ण मान्य, आणि हे धाग्यात आलं हे चांगलं झालं. निवड नसेल तिथे चुकीची निवड असं काही नसतंच. मी बोलतो आहे ते हातात पर्याय असताना नकळत घसरणाऱ्या माणसाबद्दल.

---

मीरा_क

हिशोबी यांच्या मुद्द्याला जोडून. वाचलेले चार तास विकता येत नाहीत हे खरं, पण ते आईजवळ बसायला वापरता येतात. विकता येत नाही म्हणून किंमत नाही, असं तुमचंही म्हणणं नसावं.

---

हिशोबी

नाही, मुळीच नाही. म्हणूनच पगाराने भागून काढलेला दर मला अपुरा वाटतो. ‘हे चार तास मी कशात घालणार?’ याचं उत्तर आधी काढायचं, मग दर. त्या तासांत काही खास ठरलेलं नसेल तर स्वस्त तिकीट घेण्यात वावगं काही नाही.

---

चाक_आणि_वारा

स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी लिहितो, कारण इथे वेळेचा हिशोब चुकला तर जिवावर बेततं.

वेग वाढवला की किती वेळ वाचतो याचा आपला अंदाज साफ चुकतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी यावर बरंच काम केलं आहे. आधीच वेगात असलेली गाडी आणखी वेगात नेली की भरपूर वेळ वाचेल असं वाटतं, आणि हळू गाडी थोडी वेगात नेल्याचा फायदा आपण कमी धरतो. प्रत्यक्षात उलटं आहे. ३०० किलोमीटरचा रस्ता घ्या. ताशी १०० ऐवजी १२० ने गेलात तर तीन तासांचे अडीच होतात, वाचला अर्धा तास. तोच रस्ता ताशी ४० ऐवजी ५० ने कापला तर साडेसातचे सहा तास होतात, वाचला दीड तास. वेग दहानेच वाढला आणि तिप्पट वेळ वाचला.

याचा साधा अर्थ असा की वेळ मोकळ्या रस्त्यावर वाचत नाही, अडकलेल्या टप्प्यात वाचतो. शहराबाहेर पडायचा तास गर्दी सुरू होण्याआधी गाठला तर पुढे जीव धोक्यात घालून गाडी हाणायची गरज राहत नाही. कृपया हे मनावर घ्या.

---

खिडकी

सगळे प्रतिसाद वाचले. मला प्रवासातला वेळ हा खर्च वाटतच नाही, त्यामुळे वेगळा सूर लावते आहे.

रेडमंड आणि पॅट्रिशिया मोख्तारियन यांनी २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या नोकरदारांना विचारलं की घरापासून कामाचं ठिकाण किती वेळावर असावं. सगळे शून्य म्हणतील असं वाटतं ना? सरासरी उत्तर आलं १६ मिनिटं. घर आणि काम यांच्यामधे थोडी मोकळी जागा माणसाला हवी असते. लांबच्या प्रवासात तर ही जागा मोठी होते. कुणी हाक मारत नाही, काही आवरायचं नसतं, डोळ्यांसमोरून जमीन बदलत जाते. जिथे जायचं तिथे आपण आधीच थोडे पोचलेले असतो.

त्यामुळे ‘वाचलेला वेळ’ हा शब्द आला की माझा पहिला प्रश्न असतो, कुठला वेळ वाचला? खिडकीतला की रांगेतला?

---

प्रमेय

खिडकी, हा प्रश्न वाहतूक अभ्यासकांनाही पडलेला आहे आणि त्यांचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. लोकांच्या निवडींवरून मोजलं की वाहनात बसून गेलेल्या मिनिटापेक्षा थांब्यावर वाट बघण्याचं किंवा चालत गाठण्याचं मिनिट साधारण दुप्पट जड भरतं. म्हणून दोनदा वाहन बदलून पंधरा मिनिटं लवकर पोचवणारा मार्ग पुष्कळ लोक नाकारतात. ते आळशी नसतात, त्यांचं वजनकाट्याचं गणित बरोबर असतं.

डेव्हिड माइस्टर यांचा १९८५ चा रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावरचा लेख यासंदर्भात महत्त्वाचा. रिकामं बसून काढलेला वेळ कामात गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं हे माहीत नसेल तर आणखी लांब. कारण सांगितलं नाही तर त्याहूनही लांब. एकट्याने थांबणं सोबतीने थांबण्यापेक्षा जड जातं. ‘उशीर होत आहे’ एवढंच सांगणारी घोषणा आणि ‘चाळीस मिनिटं उशीर, इंजिन बदलत आहोत’ अशी घोषणा, दोन्हींत घड्याळातला वेळ सारखाच गेला तरी माणसाला तो सारखा जात नाही.

---

सुट्टीतली

माझा अनुभव फक्त सुट्टीच्या सहलींचा, तेवढ्यापुरतं लिहिते.

सहलीचे पैसे आधी देऊन टाकावेत असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला आधारही आहे. ड्रॅझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये लोकांना विचारलं की कपडे धुण्याचं यंत्र घेताना हप्ते आधी द्याल की नंतर, आणि सहलीचे आधी की नंतर. यंत्राचे बहुतेकांना नंतर द्यायचे होते, सहलीचे मात्र आधी. यंत्र वापरात असताना पैसे फेडणं खटकत नाही. सहल संपल्यावर तिचे हप्ते भरणं मात्र जड जातं. आधी दिलेले पैसे सहलीच्या दिवशी विसरलेले असतात आणि तिथे गेल्यावर प्रत्येक गोष्टीला ‘किती पडतील’ हा प्रश्न सतावत नाही.

दुसरं, वाट बघण्याचा आनंद. येरून नवाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १५३० डच लोकांचा अभ्यास केला. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर, अगदी निवांत सुट्टी झालेले लोक सोडले तर, दोघांत फारसा फरक उरला नाही. म्हणून एकदम शेवटच्या क्षणी स्वस्तात मिळणाऱ्या सहलीत पैसे वाचतात, पण वाट बघण्याचे आठवडे हातचे जातात. तेही सहलीचाच भाग असतात.

तिसरं, शेवट. आठवण तयार होताना एकूण किती वेळ गेला याला मन फार कमी महत्त्व देतं. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट हेच लक्षात राहतात, असं कानेमन आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. तरीही आपण परतीचं तिकीट सगळ्यात दगदगीचं काढतो, कारण ‘आता काय, घरीच तर जायचंय’. माझ्याकडे जास्तीचे पैसे घालायला एकच जागा असेल तर मी परतीच्या प्रवासात घालते.

---

नवी_पालवी

खूप दिवस नुसती वाचते आहे, आज विचारतेच. बहिणीकडे चालले आहे, सुट्टी चार दिवसांची. सोबत तीन वर्षांची मुलगी. दुपारचं थेट विमान आहे ते महाग. स्वस्त आहे ते रात्री निघतं, मधे थांबतं, पहाटे पोचतं. येतानाही तसंच. फरक डोळ्यांत भरण्याएवढा आहे पण कर्ज काढावं लागेल असा नाही. स्वस्त घेतलं तर त्या पैशात पुन्हा एकदा जाऊन येता येईल असं मन म्हणतंय. काय करू?

---

रुळांवरून

पहिला प्रश्न, मुलगी त्या थांब्यात झोपेल का? गाढ झोपेतून उठवून, खाली उतरवून, पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं करून परत झोपवायचं आहे. तिची झोप मोडली की तुमचीही गेली. पोचलात पहाटे, पण दुपारपर्यंत दोघीही झोपेतच.

---

आडवाट

धाग्याच्या सुरुवातीला कॅल्क्युलेटरची गोष्ट सांगितली, त्यात एकूण किमतीच्या प्रमाणात विचार करणं फसवं ठरतं. पण सुट्टीच्या बाबतीत प्रमाणातच विचार करायला हवा, कारण सुट्टी मोजून मिळते आणि वाढवता येत नाही. जाताना अर्धा दिवस आणि येऊन अर्धा दिवस गेला तर चारातला एक दिवस गेला, म्हणजे भेटीचा चौथा हिस्सा. हीच सुट्टी तीन आठवड्यांची असती तर मीही स्वस्त घ्या म्हटलं असतं.

आणि ‘पुन्हा एकदा जाऊन येता येईल’ हे तपासून बघा. पुढच्या खेपेचे पैसे वाचतील, पण पुढच्या खेपेची रजा आहे का?

---

हिशोबी

आडवाटशी सहमत. फक्त थेट की थांब्याचं, एवढ्या दोनच पर्यायांत अडकू नका. जाताना एक आणि येताना दुसरं असंही करता येतं.

---

मीरा_क

आणि पहाटे तुम्हाला घ्यायला कोण येणार आहे?

---

नवी_पालवी

मीराताई, हे मी धरलंच नव्हतं. बहिणीला फोन केला. ती म्हणाली पहाटे तीनला निघून घ्यायला येईन, दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकेन, तू काळजी करू नकोस. ती हे आनंदाने करेल, पण तिच्या रजा माझ्याहून कमी आहेत.

रजेचं म्हणाल तर या वर्षी आता शिल्लक नाही. म्हणजे पुन्हा जाणं तसंही पुढच्या वर्षीच.

---

सुट्टीतली

मग जाताना थेटच. परतीच्या दुसऱ्या दिवशी कामावर जायचं आहे का? असेल तर पहाटे पोचणारं टाळाच.

---

नवी_पालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. जाताना दुपारचं थेट विमान घेतलं. येताना सकाळी निघणारं एक थांब्याचं मिळालं, थेटपेक्षा बरंच स्वस्त. थांबा अडीच तासांचा आहे पण दिवसाचा, मुलीला तिथे मोकळं पळता येईल, आणि संध्याकाळी घरी.

---

रुळांवरून

छान जमलं. एक बघून घ्या, परतीचे दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत ना? वेगवेगळी दोन तिकिटं असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर दुसरं चुकण्याची जबाबदारी तुमची. एकाच तिकिटावर असतील तर पुढची सोय कंपनीला करून द्यावी लागते.

---

नवी_पालवी

एकाच तिकिटावर आहेत, सामानही थेट शेवटपर्यंत जाणार आहे. बहिणीलाही कळवलं, तिने टाकायची ती अर्धी रजा आम्ही पोचल्यानंतरच्या दुपारी हलवली आहे.